हरणीच्या पिसवा

वाशी (जि. धाराशिव),
२ जुलै २०२४

चि. महेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

हरणी सुखरूप पोचल्याचा फोन गौरीशंकररावांनी केला. भर पावसात मांजराची टोपली मांडीवर घेऊन त्यांनी एसटीनं वाशी ते ढोकी प्रवास केला. त्यांचे आभार माझ्या वतीनं तूच मान. मी मानले तर तुझे यजमान उगाच संकोचतील. बाकीचं मी फोनवर मुद्दामच बोलले नाही. मला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून मी मोठ्यानं बोलते, आणि इरम्माची खिडकी माझ्या खिडकीसमोर आहे. आता माझ्या मनात जे आहे ते अंगणभर ऐकवण्यासारखं नाही. म्हणून यापुढं पत्रं. तूही पत्रच लिही.

घडलं ते असं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी धाराशिवला गेले, तेव्हा हरणीला इरम्मावर सोपवलं होतं. सख्ख्या दिराची बायको, एकाच अंगणात आमचे संसार, दुसऱ्या कुणावर सोपवणार? हरणीच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या, हे मी नाकारत नाही. पावसाळ्यात होतात. माझ्या डोळ्यांवर पडदा आल्यामुळं मला त्या दिसत नव्हत्या. इरम्माच्या पोटऱ्यांना मात्र चावत होत्या, कारण हरणी दुपारची तिच्याच हॉलमध्ये सतरंजीवर पसरायची.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले, जन्मभर शाळेत तेच शिकवलं. तिनं मला एक फोन करायला हवा होता. तिनं मोबाईलला विचारलं. व्हिडिओतल्या कुण्या बाईनं सांगितलं की निलगिरीचं तेल आणि कापूर लावा, एकदम नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. इरम्मानं खोबरेल तेलात कापूर विरघळवला, वर निलगिरी ओतली आणि हरणीला शेपटीपासून कानापर्यंत चोळून काढलं. जणू बाळंतिणीलाच चोळते आहे.

मी काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले तेव्हा हरणी पाण्याच्या टाकीशी पडली होती. तोंडातून लाळेची तार, मागचे पाय लटपटत होते. आणि इरम्मा मला कौतुकानं सांगत होती की अंगावर एक पिसू राहिली नाही, शिवाय वास किती छान येतोय.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला भांड्याच्या साबणानं दोनदा धुतलं, सलाईन लावलं. मांजर स्वतःचं अंग चाटतं, त्यामुळं अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं, आणि असली तेलं मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत, असं ते म्हणाले. थोडा उशीर झाला असता तर ती गेलीच होती. घरी आल्यावर मी इरम्माला अंगणात उभं करून मांजरमारी म्हटलं. गल्लीनं ऐकलं. ऐकावं म्हणूनच म्हटलं होतं.

त्यावर दिरांनी, कल्याणप्पांनी, निकाल दिला. दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात मला म्हणाले की वहिनी, आजपासून हे मांजर या घरात नको. इरम्मा शेजारी पोटऱ्या खाजवत उभी होती.

महेश्वरी, मी शपथ घेतली आहे. हरणी या घरात परत येईल, आणि इरम्मा स्वतःच्या तोंडानं तिला बोलावील, गल्लीला ऐकू जाईल असं. ते झाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

हरणीला रोज बारीक दातांच्या फणीनं विंचर. मान, पोट आणि शेपटीचं मूळ आधी. फणीत आलेली पिसू चिरडत बसू नकोस, साबणाच्या पाण्यात टाक, ती बुडते. अंथरूण कढत पाण्यात धू. कुठलंही तेल, लसूण, लिंबू, कडुनिंब तिच्या अंगाला लावायचं नाही. कुणी नैसर्गिक म्हणालं तर त्याला सांग की विंचूही नैसर्गिक असतो.

तुझी माया आहे म्हणून एवढं हक्कानं लिहिते. ती तशीच असू दे.

तुझी,
शांताक्का

•

ढोकी,
१० जुलै २०२४

ती. अक्कास,
महेश्वरीचा शरणार्थ, वि. वि.

तुझं पत्र वाचताना हरणी माझ्या पायाशी होती. इतकी वर्षं तुझ्याजवळ राहून तुझा एकही गुण तिनं घेतलेला नाही. कुणावर राग नाही, कुणाची तक्रार नाही. पहिले काही दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही, पण आता खाते-पिते. चालताना अजून डावा पाय जरा फाकतो.

हे म्हणाले होते की मांजराच्या केसांनी आपल्याला शिंका येतात, तेव्हा ती मागच्या खोलीतच राहील. परवा पाहिलं तर ह्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर हरणी, आणि हे बातमी वाचायची म्हणून तिची शेपटी अलगद बाजूला करत होते. शिंक एकही नाही.

फणीचं काम तू सांगितलंस तसं चालू आहे. विंचरताना काळी बारीक कणी पडायची, मला वाटलं माती. ह्यांनी ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकून दाखवली, तर लाल डाग पसरला. पिसवांची विष्ठा म्हणजे आपल्या हरणीचंच रक्त, हे तू शाळेत शिकवलं असशील, मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मीसुद्धा तुझ्यासारखीच चिडून विंचरते.

एक सांगू का? इरम्मानं केलं ते अडाणीपणानं केलं, दुष्टपणानं नाही. लहानपणी आत्यानं तुझी वेणी कापली, तेव्हा तू अख्खी दिवाळी तिच्याशी बोलली नव्हतीस, आणि तिनं केलेली शंकरपाळी मात्र डबा लपवून खाल्लीस. तुझा राग मला माहीत आहे, म्हणून भीती वाटते. डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा, आणि काय करणार आहेस ते मला आधी कळव.

धाकटीवर लोभ ठेव आणि जरा ऐकत जा.

तुझी,
महेश्वरी

•

वाशी,
२४ जुलै २०२४

चि. महेश्वरीस,
आशीर्वाद.

काय करणार आहे असं विचारलंस. काहीही नाही. हाच माझा बेत आहे.

श्रावणात दुसऱ्या सोमवारी इरम्मानं मठातल्या अय्यांची पाद्यपूजा ठरवली आहे. तिच्या माहेरून, कर्नाटकातल्या आळंदहून, माणसं येणार, गल्लीतल्या सगळ्या बायकांना आमंत्रण. हरणी गेली त्याच आठवड्यात तिनं हॉल धुतला, कडुनिंबाची धुरी दिली, सतरंजी पुन्हा अंथरली, आणि दाराला कुलूप घातलं. तिनं सांगून टाकलंय की आता या हॉलमध्ये पहिलं पाऊल पडेल ते अय्यांचं. किल्ली कमरेला असते. कल्याणप्पांनासुद्धा टीव्ही बघायला आत सोडत नाही; ते दुकानातच बातम्या बघून येतात.

आता प्राणिशास्त्र ऐक. पिसू मांजराच्या अंगावर राहते, पण तिची अंडी अंगावरून गळतात. आमच्या शहाबादी फरशीच्या फटीत आणि सतरंजीच्या वळकटीत अळ्या होतात, त्या कोष विणतात. कोषाला धुरी लागत नाही. वरवरच्या पाण्यानंही तो मरत नाही. आतली पिसू तयार होऊन वाट बघत बसते, चांगली महिना दोन महिने. पावलांची धमक बसली, अंगाची ऊब आली, श्वास लागला, की सगळ्या एकदम बाहेर. रोज वापरातल्या खोलीत त्या थोड्याथोड्या निघून संपतात. बंद खोलीत साठतात.

इरम्मानं हॉल जितका पवित्र राखलाय, तितक्या त्या आत जमल्या आहेत. मी तिला सांगितलं तर एका दिवसात उपाय होईल. तिनं मला विचारलेलं नाही. मी सांगणार नाही.

आणि त्या दिवशी हरणी घरात नसेल. तिला जाऊन महिनाभराहून जास्त दिवस झालेले असतील. मग मला बघायचंय की बोट कुणाकडं दाखवतात.

तू लिहिलंस ते शंकरपाळ्यांचं खरं आहे. पण मी आत्याशी बोलले नाहीच.

लोभ राहू दे. सल्ला राहिला नाही तरी चालेल.

तुझी,
शांताक्का

•

ढोकी,
३१ जुलै २०२४

ती. अक्कास,
शरणार्थ, वि. वि.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे आधी हसले, मग एकदम गंभीर झाले. म्हणाले की अक्कांच्या वर्गात आपण नव्हतो हे बरंच झालं.

अक्का, इरम्माला काय व्हायचं ते होऊ दे, पण अय्यांचा काय दोष? म्हातारा माणूस, मठातून चालत येतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आळंदहून आलेल्या माणसांसमोर इरम्माची मान खाली जाईल. माहेरच्या माणसांसमोर अपमान झाला की बाई तो विसरत नाही. तुझं वय झालं, उद्या रात्रीबेरात्री तुला पाणी द्यायला मी ढोकीहून येणार आहे का? तीच येणार. अजून वेळ आहे. हॉल उघडायला सांग.

हरणीच्या फणीत आता आठवड्यातून एखादीच पिसू येते. पाय सरळ पडू लागला आहे. संध्याकाळी साखर कारखान्याच्या मळीचा वास सुटला की खिडकीत बसून वाशीच्या दिशेनं बघते, असं हे म्हणतात. वाशी त्या बाजूला नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

राग आला तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
महेश्वरी

•

वाशी,
१४ ऑगस्ट २०२४

चि. महेश्वरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वेळेत मिळालं होतं. विचारही केला. अय्यांचे पाय पूजाभर परातीत पाण्यात असतात, म्हणजे त्या खोलीत सर्वांत सुरक्षित पाय त्यांचेच, असं ठरवून मी गप्प राहिले. परवा पूजा झाली. सविस्तर लिहिते, कारण हे मला पुन्हा वाचायलाही आवडेल.

इरम्मानं किल्ली लावली, अय्यांनी उंबरा ओलांडला, मागून आम्ही सगळ्या. ती नवी इरकल नेसली होती, कपाळभर विभूती. अय्या चौरंगावर बसले, पितळी परातीत पाय ठेवले. कल्याणप्पा पाणी घालत होते, इरम्मा बेलाची पानं वाहत होती. बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. मी मागं दाराशी खुर्ची घेतली आणि नव्या डोळ्यांनी बघत राहिले. डॉक्टरांनी लेन्स चांगली बसवली आहे.

आधी इरम्माच्या आईनं पोटरी खाजवली. मग तिच्या शेजारणीनं. मग भजन म्हणता म्हणता सगळी रांग हलायला लागली. गल्लीतली कमलबाई, तोंडानं फटकळ, उठून लुगडं झटकायला लागली आणि म्हणाली की देवाच्या कामाला बोलावलं का रक्त द्यायला? तेवढ्यात अय्यांनी परातीत वाकून बघितलं. स्वच्छ पाण्यावर काळे ठिपके, आणि ठिपके पाय मारत होते.

अय्यांनी शांतपणे विचारलं की घरात कोणतं जनावर आहे. कल्याणप्पा म्हणाले, काही नाही, एक मांजर होतं, ते जूनमध्येच घालवलं. अय्या हसले. म्हणाले की मग ही तुमच्या घरचीच माणसं दिसतात, त्यांनाही प्रसाद द्या. सगळे हसले. इरम्माच्या आईचं हसू मला सर्वांत जास्त ऐकू आलं. इरम्मा बेलाचं पान हातात धरून तशीच उभी होती, आणि तिची मान खाली होती.

तुला वाटत असेल, मला तेव्हा वाईट वाटलं. नाही वाटलं. मला टाकीशी पडलेली हरणी आठवत होती.

काल सकाळी ती माझ्या दारात आली. आत आली नाही. जमिनीकडं बघत म्हणाली की अक्का, उपाय सांगा. मी म्हटलं, सांगते, पण उपायाची सुरुवात हरणीपासून होते. फिरतं मांजर घरात असलं की नव्या निघालेल्या पिसवा त्याच्या अंगावर चढतात, आणि रोज विंचरून त्या बुडवता येतात. नाहीतर त्या माणसाला धरतात. हे अर्धं शास्त्र आहे आणि अर्धी मी आहे. तिनं मान हलवली. कल्याणप्पांनी दुकानातून निरोप पाठवला की मांजर आणायला हरकत नाही.

तर गौरीशंकररावांना पुन्हा तसदी. लोभ आहेच, टोपलीही तुमच्याकडंच आहे.

तुझी,
शांताक्का

•

ढोकी,
२० ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
शरणार्थ, वि. वि.

उद्या हे हरणीला घेऊन निघतील. आज ह्यांनी तिला आपल्या हातानं दूधभाकरी कुस्करून घातली आणि मग बराच वेळ शिंकले. मांजराच्या केसांनी, असं म्हणाले.

पत्र वाचून मी हसले, खोटं कशाला बोलू. पण ते हातात धरलेलं बेलाचं पान काही डोळ्यांपुढून हलत नाही. तुझी शपथ पुरी झाली की तिथंच थांब, एवढंच मागते.

माझ्यावरचा लोभ आहे तसा ठेव, आणि थोडा त्या बाईलाही दे.

तुझी,
महेश्वरी

•

वाशी,
१२ सप्टेंबर २०२४

चि. महेश्वरीस,
आशीर्वाद.

थांबले नाही. थांबणार होते, पण इरम्मानं हरणीला टोपलीतून काढताना पदरानं हात झाकून घेतला, ते मी पाहिलं.

मग मी तिला उपाय सांगितला, आणि त्यात रतीभर खोटं नाही. सतरंजी उकळत्या पाण्यात भिजवून, धोपटून, ऊन मिळेल तेव्हा गच्चीवर. फरशीच्या फटी कडक खराट्यानं रोज कोरायच्या, त्यात उकळतं पाणी ओतायचं. त्याआधी कल्याणप्पांचे पांढरे पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढून हॉलभर पाय आपटत फिरायचं, म्हणजे कोष फुटतात आणि निघालेल्या पिसवा पांढऱ्यावर दिसतात. मोजे तसेच साबणाच्या बादलीत. संध्याकाळी दिव्याखाली साबणपाण्याची ताटली. आणि रोज सकाळी हरणीला फणी.

नैसर्गिक उपाय हवा होता ना? हाच तो. बाटलीत मिळत नाही. कंबर मोडते.

इरम्मा रोज सकाळी पायमोजे घालून हॉलमध्ये दणदण फिरते. मी माझ्या खिडकीत चहा घेते. कमलबाई एकदा डोकावून विचारून गेली की लग्नाची वरात कुणाची आहे.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. मी असंही सांगितलं आहे की फणी माझ्याच उंबऱ्यावर बसून करायची, आणि त्याआधी मोठ्यानं तीन वेळा हाक मारायची, हरणाबाई, या. मांजर घाबरलं की अंगाला हात लावू देत नाही, म्हणून मानानं बोलवायचं, असं कारण दिलं. याची शास्त्राला काही गरज नाही. मला होती. गल्ली रोज ऐकते. पहिल्या दिवशी तिचा आवाज फुटेना, आता खणखणीत मारते.

पिसवा गेल्या आठवड्यातच संपल्या असाव्यात. मोजे पांढरे राहतात. मी तिला अजून सांगितलेलं नाही. दसऱ्यापर्यंत चालू दे.

हरणी छान आहे, जाडही झाली आहे. दुकानाच्या गोदामात उंदीर खूप झाले असणार. रात्री बहुतेक तिकडंच शिकारीला असते. फक्त मी हाक मारली तर हल्ली चटकन येत नाही. तुझ्याकडं राहून बहिरी झाली की काय? का तुझ्या नवऱ्यानं लाडावून ठेवली?

माझी शपथ पुरी झाली. मी जिंकले. तुझा लोभ आहे तसा राहू दे.

तुझी,
शांताक्का

•

वाशी,
२९ सप्टेंबर २०२४

महेश्वरीताईंना,
इरम्माचा शरणार्थ.

पत्र बघून नवल वाटंल. फोन केला असता, पण माझी खिडकी अक्कांच्या खिडकीसमोर हाय, आणि अक्कांना ऐकू येत न्हाय असं फक्त त्याच म्हणत्यात. ऐकायचं असलं की लई बारीक ऐकू येतंय.

तुमी हरणीला जपली, म्हणून तुमाला सांगते. त्या दिवशी तिच्या तोंडाला लाळ आली तवा माझा जीव गेला. म्या चांगल्यासाठी केलं हुतं. दोन दिवस म्या जेवले न्हाय. अक्कांनी एकदा नुसतं विचारलं असतं तर पाया पडले असते. पण त्यांनी गल्लीसमोर मला मांजरमारी म्हटलं, आन् मालकांना मला पाठीशी घालावं लागलं. मग म्याबी पाठ ताठ केली.

पाद्यपूजेत काय हुणार ते अक्कांना ठावं हुतं, हे मला तवाच कळलं. सगळ्या खाली बसल्या आणि अक्का एकट्या दाराशी खुर्चीवर, पाय वर घेऊन. म्या पान हातात धरून तेच बघत हुते.

पायमोजे घालून नाचले. ते खरंच लागत हुतं, पिसवा गेल्या. अक्कांची विद्या खोटी न्हाय. पण हरणाबाई म्हणून हाका मारायचं कारण न्हाय, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तरी म्या मारल्या. पिसवा संपल्यालाबी आता लई दिवस झाले. अक्का सांगत न्हायती, म्याबी विचारत न्हाय. रोज उंबऱ्यावर बसते, फणी करते. अक्कांना वाटतंय मला शिक्षा चाललीय.

ताई, रोज मांजर विंचरलं तर मांजर कुणाचं हुतंय? फणी झाली की म्या पदराआडून तिला साय देते. फणी करताना तिच्या कानात कानडीत बोलते. तिला आता समदी कानडी कळतीय. रात्री अक्का दारात उभं राहून, हरणे ये, हरणे ये म्हणून हाका मारत्यात. म्या आतून बारीक आवाजात बा, बा म्हणते. आमच्यात बा म्हंजे ये. मांजर एकदा तिकडं बघतंय, एकदा इकडं, आन् इकडं येतंय. दार लावून घेते.

मांजरमारी म्हणाल्या ना? तेच मांजर आता माझ्या उशाशी झोपतंय, त्याच हॉलमंदी, त्याच सतरंजीवर.

अक्कांना सांगू नका. दसऱ्याला तुमी येणार हाय न्हवं, तवा त्यांच्या शेजारी उभं राहून दोघींची हाक ऐका, आणि त्यांचं तोंड कसं हुतंय ते मला नंतर सांगा. माझं तोंड तवा दाराआड असंल.

लोभ असू द्या. साय म्या तापवूनच देते, काळजी करू नका.

तुमची,
इरम्मा